तक्रार हीच चाचणी

(कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रश्नावर काम करणाऱ्या समुपदेशन केंद्रांच्या एकत्रित कार्यशाळेत केलेले भाषण. केसच्या नोंदी ठेवण्यासाठी सर्व केंद्रांनी मिळून एक सॉफ्टवेअर बनवून घ्यावे, असा प्रस्ताव कार्यशाळेपुढे होता.)

सकाळपासून आपण सॉफ्टवेअरवर बोलतो आहोत. रजिस्टरांचे ढीग झाले आहेत, एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात गेलेल्या बाईची माहिती तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, वर्षाच्या शेवटी आकडे काढताना चार दिवस जातात. म्हणून सगळ्यांनी मिळून एक प्रोग्रॅम बनवून घ्यावा, हे सगळ्यांना पटले आहे. पैसे कुठून आणायचे, कोणाकडून बनवून घ्यायचे, किती महिन्यांत हवे, यावर चर्चा झाली. एका प्रश्नावर मात्र अजून कोणीच बोललेले नाही. बनवलेला प्रोग्रॅम बरोबर चालतो आहे, हे कोण ठरवणार? आणि कशावरून ठरवणार?

‘ते काम त्या लोकांचे’ असे आपल्याला वाटते. मीही समाजकार्य शिकलेली बाई आहे, मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण तपासणे आपल्याला येते. पंचनाम्यात काय लिहिले नाही, जबाबात बाईचे कोणते वाक्य गाळले, अर्जावरची तारीख का बदलली, हे आपण रोज तपासतो. सॉफ्टवेअरची चाचणी ही याच जातीची गोष्ट आहे. ती शेवटच्या आठवड्यात उरकण्याची नाही, तर कामाच्या पहिल्या दिवसापासून बांधून घेण्याची आहे. आणि ती आपल्याला वगळून होऊ शकत नाही. एवढेच मला आज मांडायचे आहे.

एका यंत्राची गोष्ट

सॉफ्टवेअरच्या चाचणीचा विषय निघाला की जगभर एक उदाहरण शिकवले जाते. ते आपणही समजून घेतले पाहिजे. ‘ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या कॅनडाच्या सरकारी कंपनीने कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-२५ नावाचे यंत्र बनवले होते. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी ११ यंत्रे बसवली गेली. कंपनीच्या आधीच्या यंत्रांत काही बिघडले तर किरणांचा मारा थांबवणारे स्वतंत्र अडसर होते. ते संगणकावर अवलंबून नव्हते. थेरॅक-२५ मध्ये यांतले बरेचसे अडसर काढून टाकले आणि सुरक्षिततेचे ते काम सॉफ्टवेअरवर सोपवले. हे सॉफ्टवेअर प्रामुख्याने एकाच माणसाने लिहिलेले होते आणि त्यात जुन्या यंत्रांच्या प्रोग्रॅममधले भाग तसेच आले होते.

जून १९८५ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मॅरिएटा या गावी ६१ वर्षांची एक बाई उपचारासाठी आली. स्तनातली गाठ काढून झाली होती, पुढचे किरणोपचार चालू होते. यंत्र सुरू झाले आणि तिला अंगावर प्रचंड उष्णतेचा लोट आल्यासारखे वाटले. यंत्राने मला भाजले, असे तिने तिथल्या तिथे सांगितले. तसे होणे शक्यच नाही, असे उत्तर तिला मिळाले. एरवी एका वेळी सुमारे २०० रॅड एवढी मात्रा देतात. तिला १५,००० ते २०,००० रॅड मिळाले असावेत, असा अंदाज नंतर केला गेला. तिचा स्तन काढावा लागला, खांदा आणि हात निकामी झाले. रुग्णालयातल्या भौतिकतज्ज्ञाने कंपनीला विचारले, यंत्राकडून असे होऊ शकते का? कंपनीच्या अभियंत्यांनी कळवले, नाही.

जुलै १९८५ मध्ये कॅनडातील हॅमिल्टन येथे आणखी एक बाई. डिसेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथे तिसरी. तिच्या त्वचेवर लाल पट्टे उमटले. रुग्णालयाने कंपनीला लिहिले. हे यंत्रामुळे होऊच शकत नाही, असे उत्तर आले. मार्च आणि एप्रिल १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे दोन पुरुष रुग्णांना असाच मारा बसला आणि दोघेही दगावले. जानेवारी १९८७ मध्ये पुन्हा याकिमा. एकूण ६ अपघात आणि किमान ३ मृत्यू.

पहिल्या तिन्ही अपघातांतले रुग्ण बायका होत्या. त्यांच्या अंगावर खूण होती, पहिलीने तर त्याच क्षणी तोंडाने सांगितले होते. तरी यंत्राच्या कागदांवरचा विश्वास त्यांच्या शरीरापेक्षा मोठा ठरला. हे वाचताना मला आपले पोलीस ठाणे आठवते. बाईचे म्हणणे आधी खोटे धरायचे आणि मग ते तिने सिद्ध करायचे, ही रीत आपल्याला नवीन नाही.

दोष कोणी शोधून काढला?

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण चाचणीबद्दलचा खरा धडा त्यातच आहे. टायलरच्या रुग्णालयात यंत्र चालवणारी एक अनुभवी तंत्रज्ञ बाई होती. रोजच्या सरावाने तिचा हात कीबोर्डवर भराभर चालत असे. उपचाराचा प्रकार भरताना तिच्याकडून एका अक्षराऐवजी दुसरे दाबले गेले. ते लक्षात येताच तिने मागे जाऊन दुरुस्त केले आणि पुढे गेली. पडद्यावर दुरुस्त केलेले अक्षर दिसत होते. पण यंत्रातले चुंबक जागेवर यायला सुमारे ८ सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या सगळ्या भागांपर्यंत पोचतच नव्हती. पडद्यावर एक आणि यंत्रात दुसरेच, अशी स्थिती झाली. यंत्राने दाखवले काय, तर ‘मालफंक्शन ५४’. याचा अर्थ चालवणाऱ्या बाईला समजेल असा कुठेही दिलेला नव्हता. असले आकड्यांचे संदेश त्या यंत्रावर एरवीही वारंवार येत आणि बटण दाबून पुढे जायचे, अशीच सवय सगळ्यांना झाली होती.

दुसऱ्या अपघातानंतर रुग्णालयातला भौतिकतज्ज्ञ आणि ही तंत्रज्ञ यंत्रापुढे बसले. तिने नेमके काय केले होते, कोणत्या क्रमाने आणि किती वेगाने, ते तिला आठवत होते. ते पुन:पुन्हा करून पाहत त्यांनी तो दोष हवा तेव्हा घडवून दाखवला. कंपनीच्या अभियंत्याने करून पाहिले, तर त्याच्याकडून तो घडेना, कारण तो सावकाश टाइप करत होता. रोज काम करणारीचा वेग त्याच्याकडे नव्हता.

मैत्रिणींनो, कंपनीने यंत्र तपासलेच नव्हते असे नाही. तपासले होते. पण सगळा भर पूर्ण यंत्र जोडून चालवून पाहण्यावर होता. प्रोग्रॅमचे छोटे छोटे भाग वेगवेगळे करून फारसे तपासले गेले नव्हते. १९८३ मध्ये कंपनीने सुरक्षिततेचा अभ्यास केला, त्यात सॉफ्टवेअरच्या चुका जवळजवळ वगळल्याच होत्या. जुन्या यंत्रांत हा प्रोग्रॅम वर्षानुवर्षे चालला, म्हणजे तो निर्दोष, असे गृहीत धरले गेले. नंतर कळले की तोच दोष जुन्या थेरॅक-२० मध्येही होता. तिथे फक्त फ्यूज उडे आणि यंत्र थांबे, म्हणून कोणाला इजा झाली नाही. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या सगळ्या अपघातांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे प्रकरण सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांना धडा म्हणून शिकवतात.

आपल्या सॉफ्टवेअरने कोणाला भाजणार नाही, हे खरे. पण त्याने एखाद्या बाईचा पत्ता चुकीच्या माणसाला दिसला तर काय होईल, हे या सभागृहात कोणाला समजावून सांगायला नको.

आपल्याकडचा अनुभव

दूरचे उदाहरण पुरेसे नसेल तर जवळचे घ्या. केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी आंदोलन करून सरकारने दिलेले मोबाइल परत केले. त्यांचे म्हणणे सरळ होते. ॲप इंग्रजीत आहे, फोन निकृष्ट आहेत, त्यात ही माहिती भरता येत नाही. एका खेड्यातल्या सेविकेच्या हातात ते ॲप, त्याच फोनवर, तिच्याच अंगणवाडीत आधी महिनाभर दिले असते तर हे सगळे पहिल्या दिवशी कळले असते. जे चाचणीत कळायला हवे ते आंदोलनातून कळले. सेविकांनी फोन परत केले ती खरे तर चाचणीच होती, फक्त तिची किंमत त्यांनी मोजली.

आमच्या केंद्रालाही काही वर्षांपूर्वी एका देणगीदार संस्थेने नोंदींचा एक प्रोग्रॅम दिला होता. त्यात पतीचे नाव भरल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. आता आपल्याकडे येणारी प्रत्येक बाई नवऱ्याविरुद्धच येते का? विधवा सून दिराविरुद्ध येते, मुलगी बापाविरुद्ध येते, म्हातारी आई मुलाविरुद्ध येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने या सगळ्यांना संरक्षण दिले आहे, लग्नासारख्या संबंधात राहणाऱ्या बाईलाही दिले आहे. पान उघडावे म्हणून कार्यकर्त्या त्या रकान्यात बापाचे किंवा भावाचे नाव लिहीत, कोणी नुसती रेघ ओढे. वर्षअखेर अहवाल निघाला, त्यात आमच्या जवळजवळ सगळ्या बायका विवाहित! प्रोग्रॅम एकदाही बंद पडला नव्हता. तो खोटे सांगत होता, एवढेच.

चाचणी म्हणजे नक्की काय?

पहिली गोष्ट, गरज लिहितानाच ती कशी तपासायची तेही लिहायचे. ‘प्रोग्रॅम सोपा असावा’ असे आपण लिहिले तर ते कोणालाही तपासता येणार नाही. बनवणारा म्हणेल सोपा आहे, आपण म्हणू नाही. त्याऐवजी असे लिहा: नव्या कार्यकर्तीला दोन तास शिकवल्यावर ती कोणाला न विचारता वीस मिनिटांत एक नोंद पूर्ण करू शकली पाहिजे. आता हे तपासता येते. जी अपेक्षा तपासण्याची रीत सुचत नाही, ती अपेक्षा आपल्यालाच अजून स्पष्ट झालेली नाही असे समजावे. म्हणजे एक ओळ प्रोग्रॅम लिहिला जाण्याआधीच चाचणी सुरू होते. या टप्प्यावर सापडलेली चूक खोडरबराने जाते. सगळे बांधून झाल्यावर सापडली तर भिंत पाडावी लागते.

दुसरी गोष्ट, कायदा काय म्हणतो ते चाचणीत उतरवायचे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरल हरसोरा प्रकरणात निकाल देऊन या कायद्यातल्या प्रतिवादीच्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले. म्हणजे सासूविरुद्ध, नणंदेविरुद्ध थेट अर्ज करता येतो. मग चाचणी अशी लिहायची: प्रतिवादी म्हणून फक्त सासूचे नाव भरून पाहा, नोंद स्वीकारली जाते का? हे वाक्य लिहायला संगणक यावा लागत नाही. कायदा आणि बाई, दोन्ही माहीत असावी लागतात.

तिसरी गोष्ट, काठावर तपासायचे. दोष बहुधा काठावर लपतात. थेरॅकच्या १९८७ च्या अपघातात प्रोग्रॅममधला एक आकडा प्रत्येक फेरीला एकाने वाढत होता, पण तो २५५ च्या पुढे जाऊच शकत नव्हता. गाडीचे मीटर ९९९९ नंतर शून्यावर येते, तसा तो २५६ व्या वेळी शून्य होई. शून्य म्हणजे ‘सगळे ठीक आहे’, असा अर्थ प्रोग्रॅम घेई आणि तपासणी टाळून पुढे जाई. नेमक्या त्याच क्षणी बटण दाबले गेले. आपल्या कामातले काठ कोणते? या कायद्याप्रमाणे पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा असतो. प्रोग्रॅमने आपल्याला त्या तारखेची आठवण द्यावी असे आपण म्हणतो आहोत. मग ५९ वा, ६० वा आणि ६१ वा दिवस तपासा. १ जानेवारी २०२७ ची सुनावणी असेल तर ६० दिवस २ मार्चला भरतात, तीच १ जानेवारी २०२८ ची असेल तर १ मार्चला, कारण ते लीप वर्ष आहे. प्रोग्रॅमला हे कळते का? आणि तो दिवस अर्जाच्या तारखेपासून मोजतो आहे की पहिल्या सुनावणीपासून?

चौथी गोष्ट, जे व्हायला हवे ते होते का, एवढेच पाहून थांबायचे नाही. जे कधीच होता कामा नये ते होत नाही ना, हेही पाहायचे. आपल्यासाठी हा भाग सर्वांत मोलाचा आहे. काही चाचण्या मी सांगते, बाकीच्या तुम्ही घालाल.

बाईने ‘फोन करू नका’ असे सांगितले असेल तर तिच्या नंबरवर एकही एसएमएस जाता कामा नये, तारखेची आठवणसुद्धा नाही. पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या खिशात असतो.

एका केंद्राच्या कार्यकर्तीला दुसऱ्या केंद्रातल्या बाईचा निवारागृहाचा पत्ता दिसता कामा नये.

नोंद भरताना मध्येच वीज गेली तर अर्धी भरलेली माहिती नाहीशी होता कामा नये, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर ती उघडी पडद्यावर येताही कामा नये.

‘सुनीता’ शोधताना ‘सुनिता’ सुटता कामा नये. माहेरच्या नावाने आलेली आणि सासरच्या नावाने आलेली एकच बाई दोन ठरता कामा नये. आणि एकाच नावाच्या दोन बायकांची माहिती एकत्रही होता कामा नये.

जिला जन्मतारीख माहीत नाही, जी आडनाव लावत नाही, जी सही करत नाही, तिची नोंद अडता कामा नये.

एक इशारा इथेच देते. या चाचण्यांसाठी खऱ्या बायकांच्या नोंदी वापरायच्या नाहीत. बनवणारे सहज म्हणतील, जुन्या शंभर केस द्या, त्यावर पाहतो. द्यायच्या नाहीत. आपण बसून खोट्या नावांच्या पन्नास केस तयार करायच्या. अडचणीच्या असतील अशाच करायच्या. बाईने आपल्याला विश्वासाने सांगितलेले कोणाच्या तरी संगणकावर सरावासाठी पडून राहावे, यासाठी तिने तोंड उघडलेले नाही.

पाचवी गोष्ट, प्रत्येक बदलानंतर जुन्या सगळ्या चाचण्या पुन्हा करायच्या. एक खिडकी दुरुस्त करताना शेजारचे दार अडकते, तसे प्रोग्रॅमचे होते. दरवेळी शंभर गोष्टी हाताने तपासणे कंटाळवाणे असते आणि कंटाळलेले माणूस सोडून देते. म्हणून या चाचण्यांचाच एक प्रोग्रॅम लिहून ठेवतात. काही बदल केला की संगणकच त्या सगळ्या करून दाखवतो आणि कोणती मोडली ते सांगतो. हे लिहायला बनवणाऱ्यांना वेळ लागतो. तो वेळ आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकात धरलेत का, हे विचारायचे. धरले नसतील तर चाचणी होणार नाही, हे नक्की समजा.

आणि हे सगळे करूनही प्रोग्रॅम निर्दोष ठरत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी फार पूर्वी मांडले आहे की चाचणी दोष आहे हे दाखवू शकते, दोष नाहीच असे कधी सिद्ध करू शकत नाही. म्हणून वापर सुरू झाल्यानंतरही तक्रारीचे दार उघडे ठेवावे लागते.

दोषांची वही कोणाकडे?

यासाठी इंग्लंडमधले एक प्रकरण सांगते. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची संगणक यंत्रणा आणली. गावोगावी पोस्टाचे काउंटर चालवणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या हिशेबात खोट्या तुटी दिसू लागल्या. आम्ही पैसे घेतलेले नाहीत, यंत्रणेतच काहीतरी चुकते आहे, असे ते सांगत राहिले. संगणक चुकत नाही, असे गृहीत धरून शेकडो जणांवर खटले झाले. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्यासह ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. २०१९ च्या दिवाणी खटल्याच्या निकालात यंत्रणेतले दोष न्यायालयाने मान्य केले होते. यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की यंत्रणा पुरवणाऱ्या फुजित्सू कंपनीकडे माहीत असलेल्या दोषांची नोंदवही होती. काउंटरवर बसणाऱ्यांना ती दाखवली जात नव्हती. प्रत्येकाला वाटे, हे फक्त माझ्याच बाबतीत घडते आहे.

‘माझ्याच बाबतीत’ हे शब्द आपल्याला किती ओळखीचे आहेत! बायका गटात बसून बोलू लागल्या तेव्हा कळले की मारहाण हे एकीचे नशीब नाही. सॉफ्टवेअरच्या दोषांचेही असेच आहे. म्हणून आपली मागणी अशी हवी की दोषांची एक वही असेल आणि ती सगळ्या केंद्रांना उघडी असेल. कोणत्या केंद्राने, कोणत्या दिवशी, काय करताना, काय पाहिले, काय दिसायला हवे होते, हे तिच्यात लिहायचे. दोष दुरुस्त झाला की पुन्हा तपासून ज्या कार्यकर्तीने तो नोंदवला तिनेच तो मिटला असे म्हणायचे. आणि कोणता दोष आधी दुरुस्त करायचा, हे बाईला होणाऱ्या इजेवरून ठरायचे. छापील अहवालातला रंग चुकला तर थांबता येईल. पत्ता उघडा पडत असेल तर त्याच मिनिटाला प्रोग्रॅम बंद.

‘ताईंना संगणक नीट वापरता येत नाही’ हे वाक्यही आपण ऐकून घ्यायचे नाही. कार्यकर्ती तीच चूक पुन्हा पुन्हा करत असेल तर त्या पडद्याच्या रचनेतच दोष आहे, असे धरून ते वहीत लिहायचे.

करारात काय हवे?

चाचणीचे काम घरकामासारखे आहे. नीट झाले तर दिसत नाही, राहिले तरच दिसते. म्हणूनच मुदत जवळ आली की पहिली कात्री त्यावर पडते आणि त्याचे पैसेही कोणाला मोजावेसे वाटत नाहीत. हे टाळायचे तर ते कागदावर हवे. माझ्या पाच सूचना आहेत.

१. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने तो तपासावाच, पण शेवटचा तपास दुसऱ्या माणसाने करावा. आपल्याकडून प्रत्येक केंद्राची एक कार्यकर्ती या कामासाठी नेमावी. तिचे हे काम तिच्या कामाच्या तासांत धरावे, घरी गेल्यावर रात्री करायचे म्हणून नव्हे.

२. सगळे एकदम सहा महिन्यांनी दाखवू नका. दर दोन-तीन आठवड्यांनी जेवढे झाले तेवढे आपल्या हातात द्यावे, आपण तपासून सांगू.

३. सुरुवातीला फक्त दोन केंद्रांत वापरून पाहावे, एक शहरातले आणि एक तालुक्याच्या गावातले, आपल्याच जुन्या संगणकांवर आणि आपल्याच इंटरनेटवर. त्या महिन्यात कागदी रजिस्टर बंद करायचे नाही. महिन्याच्या शेवटी दोन्ही जुळवून पाहायचे.

४. शेवटचा हप्ता आपल्या चाचण्या पार पडल्यावरच. कोणत्या चाचण्या, त्यांची यादी करारालाच जोडलेली असेल.

५. वापर सुरू झाल्यानंतर किमान एक वर्ष दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर राहील. काम थांबवण्याचा अधिकार मात्र आपला राहील.

शेवटच्या वाक्यावर मला जोर द्यायचा आहे. मॅरिएटाच्या त्या रुग्णालयात कोणाकडे तरी ‘तिने सांगितले आहे, आता यंत्र बंद’ असे म्हणण्याचा अधिकार असता आणि तो वापरला गेला असता, तर पुढचे पाच अपघात कदाचित टळले असते. चाचणी म्हणजे शेवटी हाच अधिकार. बनवणारा किती हुशार आहे, यापेक्षा ज्याला इजा होते त्याचे म्हणणे पुरावा म्हणून धरले जाते की नाही, यावर काम चांगले की वाईट ते ठरते. बाईच्या शब्दाला पुरावा मानायला लावण्यासाठी ही चळवळ इतकी वर्षे भांडली आहे. आपल्याच पैशाने आपल्याच केंद्रात येणाऱ्या यंत्राला त्यातून सूट का द्यायची?

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. करारावर सही करण्याआधी प्रत्येक केंद्राने आपले गेल्या वर्षीचे रजिस्टर उघडावे आणि ज्या केसमध्ये नोंद करताना हात अडला अशा दहा केस काढाव्यात. नावे-गावे बदलून त्या दहा चाचण्या म्हणून लिहाव्यात. आज इथे बारा केंद्रे आहेत. पुढच्या बैठकीला आपल्याकडे एकशे वीस चाचण्या असतील आणि प्रोग्रॅमची एक ओळही अजून लिहिलेली नसेल. बनवणाऱ्यांशी बोलणी तिथून सुरू करू या.